ऐनूभाऊवरच्या हरकती

ऐनूभाऊ आमच्या ओसरीवर यायचा तो बोलायला नाही, नुसता बसायला. संध्याकाळी आरा मशीन बंद झाली की हातपाय धुऊन यायचा, खांबाला पाठ टेकायचा आणि समोरच्या सागाच्या थप्प्यांकडे बघत राहायचा. अर्ध्या तासानं उठून म्हणायचा, "बरं वाटलं वयनी, लई गोठी झाल्या." गोष्टी कसल्या, बाप्पा? माणूस एक शब्द बोललेला नसायचा. पहिले काही महिने मला वाटायचं, हा माझी थट्टा करतो. मग कळलं, त्याच्या मुलखात दोन माणसं शेजारी शेजारी गप्प बसली तर ती भेट झाली असंच धरतात. माझ्यासारख्या चुरूचुरू बोलणाऱ्या बाईला हे पचायला वेळ लागला.

त्याचं खरं नाव एइनो. आडनाव इतकं लांब, की आमच्या घरचे लाकडाच्या डेपोत कारकून असूनही ते कधी एका दमात म्हणू शकले नाहीत. कोसमटोला गावच्या लोकांनी त्या नावाचं 'ऐनू' करून टाकलं. आमच्या जंगलात ऐनाची झाडं कमी नाहीत, त्यामुळे जिभेला सवय होती. माणूस उंच, भुऱ्या केसांचा, कान उन्हानं कायमचे लाल झालेले. मूळचा फिनलँडचा. हा देश कुठं आहे ते मला तेव्हाही नीट सांगता येत नव्हतं, आताही येत नाही. वर, खूप वर, बर्फाकडे.

महायुद्ध संपल्यावर आमच्या ठेकेदारानं तिकडून लाकूड कापायची मोठी मशीन मागवली. ती पेट्यांमधून मूल गावच्या स्टेशनला उतरली आणि तिथून बैलबंड्यांवर लादून कोसमटोल्याला आली. पेट्यांबरोबर हा आला. मशीन बसवायची, इथल्या दोन माणसांना शिकवायची आणि परत जायचं असा करार होता. मशीन बसली, माणसं शिकली, ऐनूभाऊ काही गेला नाही. ठेकेदारालाही बरंच होतं. बिघडली की दुरुस्त करायला माणूस हाताशी.

तो का गेला नाही, हे त्यानं एकदाच सांगितलं, तेही झुरुबाबानं खोदून खोदून विचारलं म्हणून. झुरुबाबा म्हणजे गावातला सगळ्यात जाणता माणूस. गोंडाचा, वयानं वाकलेला, पण नजर घारीची. त्यानं विचारलं, "तुह्या गावाले काऊन नाई जात बा तू?"

ऐनूभाऊ म्हणाला, "माहं गाव दुसऱ्या देशात गेलं."

युद्धात त्याचा मुलूख रशियाकडे गेला होता. माणसांना गाड्यांत घालून अलीकडे आणलं, घरं, शेतं, तळी तिकडेच राहिली. आई नातेवाइकांच्या घरी पुढच्याच हिवाळ्यात वारली. भाऊबंद कोणी नाही. हे सगळं त्यानं पाचसहा वाक्यांत सांगितलं आणि पुन्हा थप्प्यांकडे बघू लागला.

झुरुबाबा म्हणाला, "आमच्या राजुऱ्यासारखं झालं म्हणा. राजुरावाले बी जागेवरून हलले नाई, अन् निजामाच्या राज्यातले होते ते इकडचे झाले. पण त्याईले घरात राहू देलं." त्यात दिलासा किती होता मला माहीत नाही, पण ऐनूभाऊनं मान हलवली. पुढे आम्हीही जागच्या जागी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, तेव्हा मला त्याची आठवण झाली.

त्याच्या खोडी सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. त्याचं क्वार्टर आमच्या शेजारीच, त्याच्या मागे त्यानं ओंडके रचून एक बुटकी खोली बांधली. आत दगड तापवायचे, त्यांच्यावर पाणी टाकायचं आणि त्या वाफेत उघडंबंब बसून घाम काढायचा. चांदा जिल्ह्यात! इथं वैशाखात सावलीत बसलं तरी माणूस निथळतो, आणि हा घाम काढायला खोली बांधतो. आरा मशीनवरच्या कालूला त्यानं एकदा आत नेलं. कालू टोमॅटोसारखा होऊन बाहेर पडला आणि थेट तलावात. पण त्याचं कंबरडं त्या दिवसापासून दुखायचं थांबलं म्हणे, मग काय विचारता, थंडीत तिथं रांग लागू लागली. झुरुबाबा एकदाच आत गेला आणि लगेच बाहेर आला. म्हणाला, "मेल्यावर जळाचंच हाये. आत्तापासून कायले सवय करू?"

आठवडी बाजारात तो घासाघीस करायचा नाही. भाजीवाली जो भाव सांगेल तो द्यायचा. तिलाच कसंतरी व्हायचं, कारण बाजारात भाव सांगतात तो पाडून मागण्यासाठीच. आणखी एक, गावात मूल जन्माला आलं की हा उरलेल्या फळ्यांचा पाळणा करायचा. इतका गुळगुळीत, की बाळाच्या दुपट्याचा धागा अडकायचा नाही. पाळणा अंगणात ठेवायचा आणि निघून जायचा. बोलावलं तरी आत यायचा नाही.

माझं पहिलं मूल महिन्याचं होऊन वारलं. त्या दिवसांत घरी बायका यायच्या, समजावायच्या, देवाची मर्जी म्हणायच्या. मला त्या सगळ्यांचा संताप यायचा. ऐनूभाऊ रोज यायचा, खांबाला टेकून बसायचा आणि उठून जायचा. एवढंच. त्या घरात तेवढा अर्धा तास मला श्वास घेता यायचा. मी त्याला हे कधी सांगितलं नाही, पण त्या दिवसांनंतर तो मला भावासारखा झाला.

आता गावाची एक रीत सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. कोसमटोल्यात बाहेरचं कोणी कायमचं राहायला आलं, तर त्याला असंच घेत नसत. सगळं गाव मोहाच्या झाडाखाली जमायचं आणि ज्याच्या मनात त्या माणसाबद्दल जे खुपत असेल ते त्याच्या तोंडावर सांगायचं. घेतल्या जाणाऱ्यानं मान खाली घालून ऐकायचं, उलट एक अक्षर बोलायचं नाही. सगळं सांगून झालं की एकत्र जेवायचं. त्यानंतर त्यातली एकही गोष्ट कोणी पुन्हा काढायची नाही. मी चांद्याची, शहरात वाढलेली. सिरोंच्याकडचा एक तेलुगू लोहार राहायला आला तेव्हा मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला आणि मला त्या बिचाऱ्याची कीव आली. मी झुरुबाबाला म्हटलं, "हा काय पाहुणचार झाला?"

तो म्हणाला, "पाहुण्याशी गोड बोलतेत, बाई. घरच्याले सांगतेत. पोटात ठेवून जेवलो त अन्न बाधते. अन् ज्याच्याबद्दल कोनी काईच बोलत नाई, तो गावाले नको असते."

ऐनूभाऊला मात्र असं कोणी झाडाखाली बसवलं नव्हतं. डेपोची माणसं गावाची नसत, आज आहेत, उद्या बदली. आम्हीही त्यातलेच.

मग ठेकेदारानं धंदा गुंडाळला. मशीन दुसऱ्यानं घेतली आणि त्या नव्या मालकाकडे त्याचा स्वतःचा मिस्त्री होता. ऐनूभाऊला दरवर्षी चांद्याच्या पोलीस कचेरीत जाऊन राहायची परवानगी वाढवून आणावी लागे. ती नोकरीवर मिळायची. नोकरी नाही, तर परवानगी नाही. तिथल्या अंमलदारानं सांगितलं, ही शेवटची. एकतर देशात परत जा, नाहीतर नवा कायदा झाला आहे, त्याखाली अर्ज करून इथले नागरिक व्हा.

त्या संध्याकाळी तो ओसरीवर बसला आणि बसल्या बसल्या बोलला. "वयनी, मले जाले सांगून राह्यले. कुठी जाऊ?"

 आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसले.

आमच्या घरच्यांनी कंबर कसली. अर्ज भरून दिला, हमी द्यायला स्वतः उभे राहिले. मराठी येते असा दाखला हवा होता, त्यासाठी चांद्याच्या साहेबांसमोर जावं लागलं. साहेब साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले, माणूस सभ्य. त्यांनी विचारलं, "आपल्याला मराठी समजतं का?" ऐनूभाऊ म्हणाला, "समजते जी. पण मले लई बोलाले नाई आवडत." साहेबांनी आमच्या घरच्यांना हळूच विचारलं, "हे मराठीच ना?" हे घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा मी चिडले. आमची काय चिनी आहे? पण साहेबांनी दाखला दिला, हे खरं.

मग कायद्याप्रमाणे पेपरात जाहीर नोटीस आली. अमुक माणूस नागरिकत्व मागत आहे, ते त्याला देऊ नये असं कारण कोणाला माहीत असेल तर कळवावं. आमच्या घरच्यांनी डेपोत ती मोठ्यानं वाचून दाखवली, साहेब अमुक दिवशी चौकशीला बसणार हेही सांगितलं. झुरुबाबानं दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "सरकारात बी हेच रीत हाये म्हणा की." आम्ही दोघं हसलो आणि विसरून गेलो. त्याला कोणती रीत वाटली ते तिथंच विचारायला हवं होतं, पण कोणाच्या ध्यानात येणार?

चौकशीच्या दिवशी आम्ही तिघं बसनं पुढे गेलो. ऐनूभाऊनं इस्त्रीचा सदरा घातला होता.  कचेरीत आधी आमच्या घरच्यांचं म्हणणं झालं, मग माझं. मी भरभरून बोलले. माणूस देव आहे, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, याच्याविरुद्ध बोलायला काही नाहीच. साहेब खूश दिसले.

इतक्यात बाहेर गलका झाला. लाकडाच्या ट्रकवर बसून अख्खं कोसमटोला आलं होतं. बाया, माणसं, कडेवर पोरं, डोक्यावर भातानं भरलेली गंजं-पातेली. साहेब म्हणाले, "वा, बराच लोकप्रिय दिसतो." आणि सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं.

झुरुबाबा उठला. ऐनूभाऊकडे बोट दाखवून म्हणाला, "हा माणूस तिनीसांजच्या वक्ताले जंगलात शिट्टी वाजवते. आमच्याकडे वाजवत नाई. सांगतलं, तवा बंद केली, पण त्याच्या आंधी वाजवली ते वाजवली."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं लिहिलं.

कालू म्हणाला, "यानं मले उकडून काढलं." पार्वताबाई, आमच्या मागच्या घरची, म्हणाली, "माह्या नातवाचा पाळणा देला, पण घरात या म्हटलं त आला नाई. आमच्या हातचं पाणी चालत नाई का?" भाजीवाली म्हणाली, यानं बाजार बिघडवला, आता तिचे भाव कोणी पाडत नाही आणि बोलणंही होत नाही. कोणी म्हणालं, मयताला आला आणि रडला नाही. कोणी म्हणालं, गमतीवर हसत नाही, सांगणारा येडा दिसतो. एकामागून एक उठत होते. कारकुनाचा टाक थांबेना.

 मी पार्वताबाईचा पदर ओढला, "अवो, काय करून राह्यल्या?" तर झुरुबाबा माझ्यावरच उखडला. "हे बाई काऊन गोडगोड बोलली साहेबाले? इले नको हाये का ऐनू?"

साहेबांचा चेहरा बदलला होता. ते ऐनूभाऊला म्हणाले, "या हरकतींवर तुमचं काय म्हणणं आहे?"

ऐनूभाऊ उभा होता. मान खाली, हात पुढे बांधलेले. त्यानंही तो लोहार झाडाखाली मान घालून बसलेला पाहिला होता. तो काही बोलला नाही.

"हे खरं आहे का?"

तरी नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि साहेबांना ते अपराध्याचं पाणी वाटलं असणार. एवढं बोल रे बाबा, एक शब्द बोल, असं मी मनात म्हणत होते. त्याला ठाऊक होतं की गप्प राहिलं तर कदाचित बोटीवर बसावं लागेल. आणि बोललं तर ज्यांनी इतक्या लांब येऊन त्याला आपल्यात घ्यायला घेतलं होतं, त्यांच्यात तो कधीच बसणार नव्हता. तो गप्प राहिला.

साहेब कागद गोळा करत म्हणाले, "एका माणसावर इतक्या हरकती मी पाहिल्या नाहीत. मला या अर्जाची शिफारस करता येणार नाही."

झुरुबाबानं मागे वळून बायांना खूण केली. पत्रावळी मांडल्या जाऊ लागल्या. तो साहेबांना म्हणाला, "झालं ना तुमचं? चला, जेवाले बसा."

"जेवायला? अहो, तुम्हाला हा माणूस नको आहे ना?"

आता झुरुबाबा गोंधळला. "नको असता त घरीच नसतो बसलो? याच्यासाठी लाकडावर बसून आंग मोडून घेतलं. सगळं सांगून टाकलं, साहेब. कोनाच्या पोटात काई ठेवलं नाई. आता तो आमचा. तुमी बी घ्या."

साहेबांनी आमच्या घरच्यांकडे पाहिलं. तेव्हा कुठं त्यांच्या तोंडातून शब्द फुटला आणि त्यांनी लोहाराची, झाडाची, सगळी हकिकत सांगितली. साहेब ऐकत होते. मग त्यांनी कारकुनाला कागद पुन्हा उघडायला लावले आणि एकेकाला बोलावून विचारलं, "तुमचं हे सांगणं आहे. तरीही याला नागरिक करावं का?" प्रत्येकजण म्हणाला, "त मंग?" कारकुनानं विचारलं, "त मंग म्हणजे हो लिहू का?" साहेब म्हणाले, "हो लिहा." एकेकाच्या म्हणण्याखाली तसं लिहिलं आणि अंगठे घेतले. कारकून कपाळाला हात लावून बसला.

जेवायला मात्र साहेब तयार होईनात. अर्जदाराकडून सरकारी माणसाला काही घेता येत नाही म्हणाले. झुरुबाबानं सांगितलं, "अर्जदाराचं नाई, गावाचं हाये."  मग साहेबांनी जोडे काढले आणि ते पंगतीत बसले. ऐनूभाऊ त्यांच्या शेजारी. मी त्यांना वाढलं, भात आणि आंबाडीची भाजी.

अर्ज दिल्लीला गेला. उत्तर यायला एक पावसाळा आणि एक थंडी गेली. तोवर पोलीस कचेरीनं थोडी थोडी मुदत दिली आणि नव्या मालकानं क्वार्टरमध्ये राहू दिलं. ऐनूभाऊ सुतारकाम करून पोट भरत होता. मग कागद आला. आम्ही आणि झुरुबाबा त्याच्याबरोबर चांद्याला गेलो. त्यानं जुना पासपोर्ट साहेबांच्या टेबलावर ठेवला, शपथ घेतली, आणि सही केली ती मराठीत. साहेबांनी हात मिळवला.

परतीच्या बसमध्ये झुरुबाबा माझ्या पुढच्या बाकावर होता. मी म्हटलं, "झालं बाबा, आता तो तुमचा झाला." त्यानं तोंड वाकडं केलं. "आमी सांगतलं. सरकारनं सांगतलं. पण त्यानं कुठी अजून सांगतलं? इतक्या वर्सात आमाले एक उणा शब्द बोलला नाई. पाहुणाच हाये पोट्टा." ऐनूभाऊ मागच्या बाकावर होता. त्यानं ऐकलं की नाही, मला कळलं नाही. तो खिडकीबाहेर बघत होता.

गावात उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मी पाय धुऊन चूल पेटवते न पेटवते तो दारात ऐनूभाऊ. म्हटलं, बसायला आला. पण तो ओसरी चढला नाही. अंगणात उभा राहून घसा खाकरला.

"वयनी, तुमच्या चुलीचा धूर माह्या खिडकीत येते. रोज सकाळी. डोळे जळतेत. चूल तिकडं हलवा."

मला आधी खरंच वाटेना, मग असा काही राग आला. मी म्हटलं, "इतकी वर्सं तोंडात काय धरलं होतं? आन् तुमच्या त्या वाफेच्या खोलीचं पाणी माह्या कोथिंबिरीत येते, त्याचं काय?" तो म्हणाला, कोथिंबीरच त्याच्या हद्दीत आहे. हद्दीत! मी कमरेला पदर खोचला. आमच्या घरचे बाहेर येऊन बघत राहिले. पार्वताबाई कुंपणाशी आली. त्याला भांडता येत नव्हतं, शब्द अडत होते, कान आणखी लाल झाले होते, पण तो मागे हटला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी भांडत होते. शेजाऱ्याशी भांडतात तशी, मन लावून.

शेवटी चूल हलवायचं मी कबूल केलं आणि पाण्याला चर खणायचं त्यानं.

"बसा मंग, ऐनूभाऊ," मी म्हटलं.

"आता नाई, वयनी," तो म्हणाला. "अजून झुरुबाबाचं घर राह्यलं. त्याचं लई हाये." आणि बाह्या सरसावत तो गावाच्या रस्त्याला लागला.